बोटीचा खटका

आनंदराव चहांदे यांच्या मोटारीला आत पाच माणसं मावत आणि बाहेर चार लागत. आतली बसायला, बाहेरची ढकलायला. विकणाऱ्यानं पहिला आकडा मोठ्या अभिमानानं सांगितला होता. दुसरा आनंदरावांना घरी आणल्यावर आपला आपण शोधून काढावा लागला.

तशी गाडी वाईट नव्हती. काळी, गोल डोळ्यांची, पोट सुटलेली, जुन्या जमान्यातल्या एखाद्या हेडमास्तरासारखी भारदस्त. एकदा चालू झाली की दिवसभर कुरकुर करत नसे. खोड एकच. रात्री अंगणाबाहेर उभी केली की सकाळपर्यंत तिची बॅटरी पार बसलेली असे. आतल्या कुठल्यातरी जुनाट तारेतून वीज रात्रभर गळत होती आणि ती तार काही कोणाला सापडत नव्हती.

नशीब एवढंच, की नागपूरच्या काटोल रोडवरच्या त्यांच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, रस्त्याला बरा उतार होता. रोज सकाळी आनंदराव इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन स्टिअरिंगवर बसत आणि आजूबाजूचे सद्गृहस्थ दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून मागे उभे राहत. गाडी घरंगळत निघे, कोपऱ्यावरच्या गिरणीपाशी एक गचका खाई, खोकत खोकत पेट घेई आणि मग कळमेश्वरच्या दिशेनं निघून जाई.

आता हे दुसऱ्या कोणाच्या बाबतीत झालं असतं तर कोणी काही बोललं नसतं. पण आनंदराव कळमेश्वरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर होते. बाहेरची लाइन गेली की अख्खा कारखाना मुका व्हायचा. मग आनंदराव शांतपणे पॅनेलरूममध्ये जायचे, चष्मा नाकावर बसवायचे आणि भिंतीवरच्या चेंजओव्हरचा भलामोठा दांडा खालून वर ओढायचे. बाहेरची लाइन तुटायची, जनरेटरची लागायची आणि मॅनेजरसाहेबांच्या डोक्यावरचा पंखा पुन्हा फिरू लागायचा. तो दांडा दुसऱ्या कोणी ओढलेला आनंदरावांना खपत नसे. अशा माणसाला रोज सकाळी शेजाऱ्यांनी ढकलून कामाला लावावं, हे लागायचंच.

"कारखान्यातून येता येता थोडीशी वीज डब्यात भरून आणत जा ना," कौसल्याबाई म्हणायच्या. ही आनंदरावांची पत्नी शाळेत शिक्षिका होती आणि तिची चेष्टासुद्धा वर्गात फळ्यावर लिहिल्यासारखी ठसठशीत असे.

तिच्यापेक्षा समोरचे मार्तंडराव हरकरे जास्त लागायचे. सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ ढकलायला रोज येत, पण ढकलत नसत. डिकीवर फक्त दोन बोटं टेकवत आणि बाकी सगळं तोंडानं करत.

एकदा त्यांनी खिडकीशी वाकून विचारलं, "चहांदेसाहेब, त्या कारखान्याला वीज तुम्हीच देता ना?"

"हो."

"नाही, म्हटलं, तिथे तरी ढकलावं लागत नाही ना?"

मागचे तिघं हसले. हसताना ढकलण्याचा जोर गेला आणि गाडी गिरणीच्या अलीकडेच थांबली. त्या दिवशी आनंदराव कामावर उशिरा पोचले आणि त्यांनी मनाशी ठरवलं, की आता बस्स.

गिट्टीखदानला कवडू मिस्त्रीचं दुकान होतं. बिघडलेला भाग सोडून बाकीचं सगळं आधी उघडायचं, ही त्याची पद्धत. त्यानं गाडीची सीट काढली, दिवे काढले, हॉर्न काढला आणि शेवटी कमरेवर हात ठेवून सांगितलं, "साहेब, पुरी वायरिंग बदलून टाका."

"कशाले?" आनंदराव म्हणाले. "घरात नळ गळत असला तर आपण घरातले सारे पाइप उखडतो काय? रात्री मेन कॉक बंद करतो. तसाच बॅटरीवर एक मेन स्विच बसवायचा. रात्री बंद, सकाळी चालू."

"मोटारीले मेन स्विच?" कवडू म्हणाला. "मोटार काय घर हाय का, साहेब?"

"घरापेक्षा जास्त जपून राहिले ते तिले," ही गोष्ट घरी कळल्यावर कौसल्याबाई म्हणाल्या.

पण आनंदरावांच्या डोक्यात एकदा खटका पडला की पडला. साधा घरगुती स्विच चालणार नव्हता. बॅटरीची जाडजूड तार आणि स्टार्टरचा झटका सोसेल असा दणकट खटका हवा होता. तसा तो इतवारीत मिळाला नाही, सदरला मिळाला नाही. शेवटी एका रविवारी कामठीच्या भंगार दुकानात, पाण्याच्या फुटक्या टाक्या आणि तंबूच्या खुंट्या यांच्यामध्ये, तो त्यांची वाट पाहत बसलेला दिसला. पितळी, गोल, ताटलीएवढा, वर पक्ष्याच्या चोचीसारखी मूठ. आनंदरावांनी तो उचलला तेव्हा हात खाली गेला. चांगलं यंत्र उचललं की हात खाली गेलाच पाहिजे, असं त्यांचं मत होतं.

"मिलिटरी का माल है, साहब," दुकानदार म्हणाला. "बोट का है."

"बोट का? नागपूर में?"

"बोट यहाँ नहीं आई, साहब. उसका बटन आ गया."

बोटीत म्हणे दोन बॅटऱ्या असतात. ही मूठ फिरवली की कधी पहिलीतून वीज घ्यायची, कधी दुसरीतून, कधी दोन्हींतून, आणि एका ठिकाणी सगळंच बंद. आनंदरावांच्या मोटारीत बॅटरी एकच. तेव्हा हिशेब सोपा होता. अर्धी फेरी उजेड, अर्धी फेरी अंधार. अडचण एवढीच, की खटक्यावरची अक्षरं कधीच झिजून गेली होती आणि मूठ कुठेही न अडता गोल गोल फिरत होती. म्हणजे हात लावल्याशिवाय आणि लावल्यावरही, मोटार आत्ता उजेडात आहे की अंधारात, हे सांगता येत नव्हतं. पण पितळ इतकं सुंदर होतं, की आनंदरावांनी या गोष्टीचा विचार घरी गेल्यावर करायचं ठरवलं.

कवडूनं खटका बॉनेटखाली, बॅटरीच्या शेजारी बसवला. त्या संध्याकाळी आनंदरावांनी बॉनेट उघडलं, मूठ फिरवली आणि कारखान्यात म्हणतात तसं मोठ्यानं म्हटलं, "लाइन बंद!" सकाळी पुन्हा बॉनेट उघडलं, मूठ फिरवली, "लाइन चालू!" म्हटलं आणि आत बसून स्टार्टर दाबला. गाडी एका दमात पेटली.

ढकलायला आलेली मंडळी मागे तशीच उभी राहिली. मार्तंडरावांची दोन बोटं हवेत राहिली. आनंदरावांनी आरशात ती बोटं नीट पाहून घेतली आणि मगच गिअर टाकला. त्यांच्या आयुष्यातल्या अगदी निवडक सुंदर सकाळींपैकी ती एक.

हे सुख आठवडाभरच टिकलं. कारण रोज सकाळी बॉनेट उघडलेलं दिसलं की येणारा-जाणारा प्रत्येक स्कूटरवाला थांबू लागला. "काय झालं, भाऊ?" "काही नाही, चालू करून राहिलो." "मग बॉनेट काहून उघडलं?" एकानं तर आनंदरावांना बाजूला सारून प्लग काढून पाहिले आणि ते परत लावताना त्यांच्या तारांची अदलाबदल केली. त्या दिवशी गाडी पुन्हा ढकलावी लागली आणि मार्तंडरावांची दोन बोटं मोठ्या समाधानानं डिकीवर येऊन बसली.

"मी सांगू का?" मार्तंडराव म्हणाले. हे वाक्य ते प्रश्न म्हणून विचारत नसत. "हे बटन आत घ्या. आणि आत घ्यायचं तर असं लपवा, की चोराला सापडता कामा नये. चोर येईल, तारा जोडेल, स्टार्टर दाबेल, गाडी ढिम्म! सीटखाली बसवा. माझं ऐका."

"चोर शरमून जाईन, साहेब," दुकानात कवडूनंही दुजोरा दिला.

खरं म्हणजे त्या गाडीकडे पाहून कोणा चोराच्या मनात काही वाईट यावं, अशी शक्यता फार नव्हती. पण आपल्या वस्तूवर चोराचा डोळा आहे असं कोणी म्हटलं की माणूस जरा सुखावतो. आनंदराव सुखावले आणि खटका ड्रायव्हरच्या सीटखाली गेला.

दुसऱ्या दिवशी फेटरीच्या अलीकडे रस्त्यात एक खड्डा आला. आनंदराव वेग कमी करून त्यात हळूच उतरले आणि गाडी बंद पडली. त्यांनी खाली हात घालून मूठ फिरवली, गाडी चालू केली. पुढच्या खड्ड्यात पुन्हा तेच. मग त्यांच्या लक्षात आलं, की गचका बसला की सीटच्या स्प्रिंगा खाली दबतात, मुठीवर घासतात आणि तिला अंधाराच्या बाजूला ढकलून देतात. म्हणजे आनंदरावांचं वजनच त्यांच्या मोटारीची वीज तोडत होतं. कळमेश्वरच्या रस्त्यावर खड्डे सोडून उरलेला रस्ता फार थोडा होता.

यावर उपाय एकच होता. खड्डा दिसला की सीटवरून उठायचं. म्हणून आनंदराव एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातानं खिडकी धरून अर्धवट उभे राहत, मान छताला लागू नये म्हणून पुढे झुकवत आणि तशाच अवस्थेत खड्डा पार करून पुन्हा अलगद बसत.

"तुमी काहून असे उठून-बसून गाडी चालवून राहिले?" एकदा सोबत बसलेल्या कौसल्याबाईंनी विचारलं. "लोक पाहून राहिले ना. त्यायले वाटते, तुमी साऱ्या रस्त्याले नमस्कार करून राहिले."

लोकांना तसं खरोखरच वाटत होतं. कारखान्याच्या फाटकासमोर एक मोठा खड्डा होता आणि नेमकी त्याच वेळी समोरून मॅनेजरसाहेबांची गाडी यायची. साहेबांना रोज दिसू लागलं, की आपली गाडी पाहिली की इलेक्ट्रिकलचा चहांदे सीटवरून उठतो, मान लववतो आणि आपण पुढे गेल्यावरच बसतो. इतका आदर त्यांना घरातसुद्धा मिळत नसे. तिसऱ्या दिवसापासून तेही आतून हात वर करू लागले. आनंदरावांना याचा अर्थ काही कळला नाही, पण त्यांनीही हसून घेतलं.

मग फाटकावरचा देवराव चौकीदार मध्ये आला. सुटी झाल्यावर बाहेर जाणाऱ्या वाहनांची झडती घ्यायचा त्याला नवीनच हुकूम होता. त्यानं सीटखाली हात घातला, पितळाला हात लागला आणि त्याचा चेहरा उजळला.

"साहेब, हे काय हाय?"

"खटका. माझ्या गाडीचा."

"मोटारीत असला खटका मी नाही पाहिला, साहेब."

"कसा पाहशील? बोटीचा हाय."

हे उत्तर खरं असलं तरी फाटकावर द्यायचं नव्हतं. इलेक्ट्रिकल खात्याचा माणूस, सीटखाली लपवलेला पितळी स्विच, आणि वर तो बोटीचा म्हणून सांगतो! देवरावनं सिक्युरिटी ऑफिसरला बोलावलं. ऑफिसरनं वाकून पाहिलं आणि म्हटलं, "चहांदे, तुमच्याबद्दल मला काही शंका नाही. पण स्टोअरकडून लिहून आणा, की हा माल आपला नाही."

स्टोअरकीपर श्रीधरराव हे अतिशय नेमक्या बुद्धीचे गृहस्थ. ते म्हणाले, "आनंदराव, आपल्याकडे काय आहे ते मी लिहून देऊ शकतो. आपल्याकडे काय नाही ते कसं लिहून देऊ? आपल्याकडे हत्ती नाही. आपल्याकडे विमान नाही. हे लिहायला बसलो तर मी निवृत्त होईन."

"फक्त हा खटका नाही, एवढंच लिहा."

"पण तो आहे ना! समोर आहे. तुम्हीच आणला."

आनंदराव सिक्युरिटीकडून स्टोअरकडे आणि स्टोअरकडून सिक्युरिटीकडे जात राहिले आणि त्यांची मोटार फाटकात आडवी उभी राहिली. सुटलेले सगळे कामगार सायकली उचलून तिला वळसा घालत बाहेर पडत होते आणि प्रत्येकजण आत डोकावून विचारत होता, "काय सापडलं?" ज्यांच्या हातातल्या दांड्यानं या सगळ्यांच्या मशिनी चालत, त्या आनंदरावांना त्या संध्याकाळी कोणाकडे बघवेना. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

शेवटी मॅनेजरसाहेबांचीच गाडी बाहेर निघाली आणि अडली. साहेबांनी काच खाली केली. सिक्युरिटी ऑफिसरनं प्रकार सांगितला.

"चहांदे?" साहेब म्हणाले. "अरे, इतका सभ्य माणूस! रोज उभा राहतो. सोडा त्याला." मग थोडा विचार करून म्हणाले, "पण बाबा, ती वस्तू सीटखाली कशाला लपवतोस? दिसेल अशी ठेव. म्हणजे रोजची कटकट नको."

साहेबांचा शब्द. कवडूनं खटका सीटखालून काढला आणि डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला, शेजारी बसणाऱ्याच्या अगदी समोर, भोक पाडून बसवला. आनंदरावांनी त्यावर लाल रंगानं सुबक अक्षरांत 'चालू' आणि 'बंद' लिहिलं. देवराव फाटकावर त्याला बाहेरूनच पाहून हात हलवू लागला. सीटखाली काही उरलं नाही, तेव्हा आनंदराव खड्ड्यातही छान रेलून बसू लागले. आठवड्यानं मॅनेजरसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून हळूच विचारलं, "चहांदे, माझं काही चुकलं का?"

अशा रीतीनं खटका स्थिरस्थावर झाला. मग दसरा आला.

दसऱ्याचं प्रकरण जरा वेगळं होतं. आनंदरावांची एक आत्या बेसा गावात राहायची. मीराबाई. छप्पन साली बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली तेव्हा ती कडेवर पोर घेऊन बेसाहून पायी आली होती, आणि त्यानंतर दरवर्षी दसऱ्याला पायीच दीक्षाभूमीवर जायची. पण गेली दोन वर्षं तिचे गुडघे सुजले होते आणि तिचं जाणं राहिलं होतं. आनंदरावांनी मोटार घेतली ते तिच्या कानावर गेलं तेव्हा तिनं निरोप पाठवला होता, "आनंदाले सांगजा, यंदा मले घेऊन जाय. मोटार तिथल्या दारापर्यंत नेजो. मले आता चालणं होत नाही."

मोटार घेण्यामागची खरी कारणं आनंदरावांनी कोणाला सांगितली नव्हती, पण त्यातलं एक हे होतं. म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडी धुतली, टायर तपासले, बॅटरीत पाणी घातलं आणि रात्री स्वतःच्या हातानं मूठ 'बंद'वर ठेवली.

सकाळी मार्तंडराव पांढरा सदरा घालून हजर. "मीही येतो," ते म्हणाले. "गाडी बंद पडलीच तर आपला माणूस बरा. आणि इतकी वर्षं नागपुरात राहून दीक्षाभूमी मी बाहेरूनच पाहिली आहे." आनंदरावांना त्यांची दोन बोटं आठवली, पण दसऱ्याच्या दिवशी कोणाला नाही कसं म्हणायचं?

बेसात त्यांची वाट पाहणंच चाललं होतं. मीराबाई पांढरं धुवट लुगडं नेसून ओट्यावर बसलेली आणि तिच्याभोवती गावातल्या बाया. कौसल्याबाई मागे मार्तंडरावांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि आत्याबाईला पुढे बसवलं. तिनं आत बसल्याबरोबर धरायला काहीतरी शोधलं. बैलबंडीत बसणाऱ्या माणसाला दांडी धरल्याशिवाय चैन पडत नाही. समोरच पितळी मूठ होती. तिनं ती घट्ट धरली.

"आत्याबाई, ते सोडा. त्याले हात नका लावू," आनंदराव म्हणाले.

"काहून रे? पोळते काय?"

"नाही, पण..."

"मग धरू दे मले. मी पडीन ना!" आणि तिनं बायांकडे पाहून हात हलवला. त्या सगळ्यांसमोर आत्याशी वाद घालणं शक्य नव्हतं. आनंदरावांनी एक डोळा रस्त्यावर आणि एक मुठीवर ठेवून गाडी काढली. मानेवाड्यापर्यंत मूठ हलली नाही. अजनीपर्यंतही नाही. त्यांनी हळूहळू तो डोळा परत आणला.

पुढे गर्दी लागली. पांढऱ्या कपड्यांतले लोक, निळे झेंडे, ट्रकांतून आलेली गावंच्या गावं, डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेतलेल्या बाया. गाडी पाऊल-पाऊल सरकू लागली. रहाटे कॉलनीच्या चौकात बांबू बांधून रस्ता अडवला होता आणि समोर एक हवालदार हात आडवा करून उभा होता.

"गाडी मागे! इथून पुढे एकही वाहन जाणार नाही. मंत्र्याचीही गाडी मी परत पाठवली."

"माझी आत्या आहे हो, तिला चालवत नाही."

"इथं सगळ्यायच्याच आत्या हायेत, साहेब. मागे घ्या."

आनंदरावांनी मागे पाहिलं. मागे आता रस्ता नव्हता, माणसं होती. तेवढ्यात आत्याबाई त्या हवालदाराला चांगलं तोंडावर दोन शब्द सुनवावे म्हणून पुढे सरकली, तिनं मुठीवर जोर दिला, आणि हळू आवाजात चालणारं इंजिन चुपचाप थांबलं.

आनंदरावांनी स्टार्टर दाबला. काही नाही. हॉर्न दाबला. काही नाही. ते बाहेर उतरले, बॉनेट उघडलं, बॅटरीच्या तारा हलवल्या, प्लग पाहिले, पेट्रोल पाहिलं. ज्या माणसानं सारं आयुष्य वीज असण्या-नसण्यात काढलं, त्याला त्या घटकेला एवढंच दिसेना की खटका कुठल्या बाजूला वळला आहे. कपाळावर घाम, भोवती हजारो लोक, आणि आत आत्याबाई विचारतेय, "आनंदा, थांबवली काहून? आलं काय?"

"बंद पडली हो," आनंदराव हवालदाराला म्हणाले.

हवालदारानं मागे पाहिलं, पुढे पाहिलं. मागे ट्रकभर माणसं चिकटली होती. गाडी त्या चौकात बुचासारखी बसली होती.

"मग ढकला ना, साहेब!" तो ओरडला. "मागे जागा नाही, पुढंच ढकला! ए भाऊ, लावा रे हात!" आणि त्यानं स्वतः बांबू उचलला.

लोकांना सांगावं लागलं नाही. कुठल्या कुठल्या गावचे हात गाडीला लागले. भंडाऱ्याकडचे, चंद्रपूरकडचे, कोणी लातूरहून आलेले. "आजीबाई हाय आत, हळू घ्या गा!" मार्तंडराव उतरून ढकलावं म्हणून दार उघडू लागले, पण बाहेरच्या गर्दीनं दार उघडूच दिलं नाही. "बसा काका, बसा. म्हाताऱ्या माणसानं काहून तकलीफ घ्यायची?" एका पोरानं त्यांना आत लोटलं. मार्तंडराव दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मोटार ढकलली जाताना आतून कशी दिसते, ते समजत होतं.

आनंदराव स्टिअरिंगवर येऊन बसले. गाडी लोकांच्या लाटेवर तरंगत निघाली. इंजिनाचा आवाज नाही, गचका नाही. अशी मऊ ती कधीच चालली नव्हती. आणि तेव्हा त्यांची नजर डावीकडे गेली. आत्याबाईची सुरकुतलेली मूठ पितळी मुठीवर होती आणि चोच सरळ 'बंद'कडे वळलेली होती.

एवढंच होतं तर! नुसता हात लांब करायचा, मूठ फिरवायची, स्टार्टर दाबायचा. गाडी गर्जना करून उठेल, मागचे लोक वाहवा म्हणतील, मार्तंडराव पाहत राहतील. त्यांचा हात निघालाही होता.

तेवढ्यात समोर दुसरा चौक आला. तिथेही बांबू, तिथेही हवालदार, आणि त्याचाही हात आडवा.

"ए, गाडी कोणाची? वाहनाले बंदी हाय!"

"बंद पडली हो, बंद पडली!" मागून शेकडो आवाज आले. "बिमार गाडी हाय, जाऊ द्या!"

हवालदारानं वाकून आत पाहिलं. आत्याबाईनं त्याला हात जोडले, एकच, कारण दुसऱ्या हातात मूठ होती. बांबू वर गेला.

आनंदरावांचा हात हवेतच थांबला. मागून कौसल्याबाईंनी पुढे वाकून पाहिलं. आधी मुठीकडे, मग नवऱ्याच्या हाताकडे, मग त्याच्या चेहऱ्याकडे. त्यांनाही सगळं कळलं.

"अहो," त्या नवऱ्याच्या कानाशी हळूच म्हणाल्या, "लाइन बंदच राहू द्या."

आनंदरावांनी हात मागे घेतला. चष्मा नाकावर नीट बसवला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि ताठ बसून, बिघडलेल्या गाडीच्या मालकाचा चेहरा जमेल तितका ओशाळा करून, समोर पाहत राहिले. कारखान्यातला दांडा त्यांनी हजारदा ओढला होता, पण न ओढण्यात इतकं कौशल्य असतं हे त्यांना त्या दिवशी समजलं. मागे मार्तंडराव बरंच काही विचारायला तोंड उघडत होते. कौसल्याबाईंनी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

गाडी तिसऱ्या बांबूखालूनही गेली. ती थेट दीक्षाभूमीच्या फाटकाशी थांबली, जिथून स्तूपाच्या बांधकामाच्या परांच्या दिसत होत्या. तिथे स्वयंसेवकांनी आत्याबाईला दोन्ही बाजूंनी धरून खाली उतरवलं. तिनं पायातल्या चपला काढल्या, सुजल्या गुडघ्यांवर हात ठेवून थोडी उभी राहिली आणि त्या मातीकडे बघत राहिली. डोळे पुसले. मग स्वयंसेवकांचे हात सोडून स्वतःच आत चालू लागली. ढकलणारे लोक घाम पुसत, "जय भीम आजी!" म्हणत तिच्या मागून आत गेले. आनंदरावांनी एकेकाचे हात हातात घेऊन आभार मानायचा प्रयत्न केला, पण ते इतके होते, की शेवटी त्यांनी नुसतेच हात जोडले आणि या खेपेला खरोखर उठून उभे राहूनच जोडले.

परतीला गर्दी ओसरल्यावर त्यांनी मूठ 'चालू'वर आणली तेव्हा आत्याबाई मागे कौसल्याबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती, म्हणून तिला इंजिन सुरू झालेलं कळलंच नाही. बेसात पोचल्यावर बायांनी तिला गराडा घातला.

"कशी हाय वं मोटार?" त्यांतल्या इंदूबाईनं विचारलं.

"लय चांगली," आत्याबाई ओट्यावर बसत म्हणाली. "दुसऱ्यायच्या मोटारी पाहा, नुसत्या खडखड-धडधड. आनंदाची मोटार गर्दीत शिरली का आवाज नाही, धूर नाही, काही नाही. आन् इतकी इमानदार, की पोलिसानं अडवलं तरी थांबत नाही!"